पिवळी पडलेली हेडलाइटची काच: घासून झाली, मग पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी बारा वर्षं जुनी. दोन्ही हेडलाइट पिवळट, धुरकट. कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टनं घासले, एकदम चकाचक झाले, आणि दोन-अडीच महिन्यांत होते त्याहून जास्त पिवळे पडले. आता हे घरी नीट करता येईल, की अख्खी असेंब्ली, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि खोका मिळून पूर्ण हेडलाइट, बदलावी?

घरी करता येईल. मी हे काम वर्षानुवर्षं हातानं करत आलोय, आणि बहुतेक गाड्यांना नवी असेंब्ली लागत नाही. पण तुमच्या प्रश्नातच खरी गोष्ट दडलेली आहे: घासल्यावर चकाचक झालं होतं. घासल्यावर काच स्वच्छ होतेच, तुमचीही झाली. घासल्यानंतर तिच्यावर काय चढवायचं होतं ते राहून गेलं, म्हणून ती पुन्हा पिवळी पडली.

आपण सगळे तिला काच म्हणतो, मीही म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन रसायनशास्त्रज्ञांना ते वेगवेगळं, जवळजवळ एकाच वेळी सापडलं. १९८०च्या दशकापासून गाड्यांच्या हेडलाइटमध्ये खऱ्या काचेची जागा त्यानं घेतली. हलकं आहे, हव्या त्या आकारात ओतता येतं, दगड बसला तर सहसा फुटत नाही. त्याच्या उणिवा दोन. एक म्हणजे त्यावर ओरखडे पटकन पडतात. दुसरी म्हणजे उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत; वरच्या थरातले रेणू तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होते आणि पिवळेपणा येतो. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक लेप देतात. तो जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. ऊन, धूळ, रस्त्यावरची बारीक खडी आणि कडक साबण यांनी तो झिजतो, जागोजागी सुटतो. काचेचा वरचा, आकाशाकडे तोंड असलेला भाग आधी खराब होतो तो याचमुळे. गाडी रोज एकाच जागी एकाच दिशेनं उभी राहत असेल, तर उन्हाच्या बाजूचा हेडलाइट दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा दिसेल.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते. तिनं वरचा पिवळा थर थोडा काढला, आणि त्याबरोबर जो काही लेप शिल्लक होता तोही नेला. खालचं प्लास्टिक उघडं पडलं. उघडं पॉलिकार्बोनेट लेप असलेल्यापेक्षा झपाट्यानं पिवळं पडतं, म्हणून दुसऱ्या वेळी तुम्हाला ते जास्त वाईट दिसलं.

कामाला हात घालण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. नाहीतर अर्धा दिवस सँडपेपर मारून झाल्यावर कळतं की दोष आतल्या बाजूला होता. तपासणी अगदी सोपी आहे. काच धुऊन कोरडी करा, मग तिच्यावर ओंजळभर पाणी ओता आणि ते वाहत असतानाच बघा. पाणी आहे तेवढा वेळ धुरकटपणा नाहीसा झाला आणि आतला रिफ्लेक्टर (बल्बमागचा आरशासारखा चकचकीत भाग) स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि काम होणार. पाणी त्या बारीक खाचा भरतं, प्रकाश सरळ जातो, म्हणून क्षणभर काच नवी वाटते. पाणी ओघळून गेलं की धुरकटपणा डोळ्यांदेखत परत येतो. तेल किंवा चकाकीचे स्प्रे लावून काच उजळ दिसते त्याचंही हेच कारण. तेही पाण्यासारखेच खाचा भरतात, फक्त उडून जायला काही दिवस लागतात.

पाणी ओतूनही धुरकटच दिसलं तर दोष आत आहे. आत वाफ किंवा थेंब साठत असतील तर मागचं रबरी झाकण, बल्बची सीट, हवा जायची छोटी नळी हे आधी तपासा. पावसानंतर थोडी वाफ धरून दिवा लावल्यावर निघून जाणं हे पुष्कळ गाड्यांत होतं, त्यात काळजीचं काही नाही. तळाला पाणी साचलं असेल तर मात्र सील गेलंय. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या आणि त्या प्लास्टिकच्या आत खोलवर असल्या, तर कितीही घासा, जाणार नाहीत. शेवटचं म्हणजे बल्ब काढून त्या भोकातून रिफ्लेक्टर बघा. त्याची चकाकी उडून तो राखाडी, करपलेला झाला असेल तर पुढची काच कितीही लख्ख केली तरी रस्त्यावर उजेड पडायचा नाही. भेगा आणि करपलेला रिफ्लेक्टर, या दोन बाबतींत मी सरळ सांगतो: असेंब्ली बदला. हॅलोजन बल्ब काढाल तेव्हा त्याच्या काचेला बोट लावू नका, आणि उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा बल्ब तर कधीच बसवू नका. बऱ्याच रिफ्लेक्टरची चकाकी त्यानंच जाते.

गाडी फार जुनी असेल तर काच खरीच काच असू शकते. नखानं टिचकी मारा. काचेचा आवाज टणक, खणखणीत येतो आणि हाताला ती गार लागते. खऱ्या काचेला पुढचं काहीही लागू नाही.

काय लावायचं नाही तेही आत्ताच सांगतो, कारण यात झालेलं नुकसान परत भरून येत नाही. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही काचेवर नको. पॉलिकार्बोनेट ओतताना त्यात ताण राहिलेला असतो आणि असे द्रावक लागले की तो ताण भेगांच्या रूपानं बाहेर पडतो, कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी. डास पळवणारा स्प्रे मारून पुसला की काच चमकते असं दाखवतात. त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, चमक त्याची असते. गरम भांड्यातून रसायनाची वाफ काचेवर सोडायची पद्धतही हल्ली बरीच दिसते. वाफ लागताच काच पाण्यासारखी नितळ होते, बघणारा थक्क होतो. ती वाफ क्लोरोफॉर्म किंवा त्याच जातीच्या द्रावकाची असते आणि ती श्वासातून जाणं घातक आहे. प्लास्टिकचा वरचा थर वितळून परत बसतो, त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण काहीच नसतं, आणि पुढे त्यात भेगा पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. घरी हे करू नका.

आता काम. गाडी सावलीत घ्या, काच आणि आजूबाजूचा भाग साबणाच्या पाण्यानं धुवा, डांबराचे ठिपके काढा. काचेला लागून असलेल्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. एक थर पुरत नाही. ४०० नंबरचा पेपर खरखरीत असतो (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत), तो एका थरातून केव्हा रंगापर्यंत गेला ते कळतही नाही. हेडलाइट सहज निघत असेल तर काढून टेबलावर काम केलेलं सर्वांत चांगलं.

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे सँडपेपर, लागतील ४०० किंवा ६००, मग ८००, १०००, १५००, २००० आणि जमल्यास ३०००. लेप ठिकठिकाणी सुटून पोपडे धरले असतील तर ४००पासून. नुसता धुरकटपणा असेल तर ८००पासून सुरुवात पुरते. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा. बादलीत भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाका म्हणजे पेपर अडकत नाही. पेपर बोटांवर गुंडाळून घासू नका, बोटांच्या खाली पन्हाळी पडतात. हातात मावेल असा मऊ स्पंजाचा ठोकळा घ्या आणि त्यावर पेपर धरा.

सगळ्या कामाचा जीव पहिल्या पेपरमध्ये आहे, आणि घाई नेमकी तिथेच होते. सुरुवातीला पेपर लेपावरून नुसता घसरतो, पकड घेत नाही. काही मिनिटांनी तो चावायला लागतो, आवाज बदलतो. खाली जे पाणी ओघळतं ते आधी पिवळसर असतं, कढी पातळ केल्यासारखं. हा जुना लेप आणि मेलेलं प्लास्टिक. घासत राहा, मधून मधून पाणी मारा. हळूहळू ओघळ पांढरा, दुधट होतो, म्हणजे तुम्ही ताज्या प्लास्टिकपर्यंत पोचलात. इथे थांबून काच पुसून कोरडी करा आणि तिरप्या उजेडात बघा. लेप कुठे उरला असेल तर तिथे चकाकणारा तुकडा दिसेल आणि त्याच्या कडेला नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी रेघ. नखाला ती जाणवतेसुद्धा. ती रेघ पूर्ण जाईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. ती मागे ठेवून पुढचे सगळे पेपर मारले, पॉलिश केलं, तरी शेवटी ती तशीच दिसते, आणि मग परत ४००वर यावं लागतं. एका काचेला पहिल्याच पेपरसाठी वीस मिनिटं सहज लागतात. कोपरे आणि वरची कड इथे लेप चिवटपणे धरून बसतो, तिथे जास्त लक्ष द्या. काचेवर ओतीव अक्षरं किंवा छोटे उंचवटे असतील तर ते घासून सपाट करू नका.

पहिला पेपर झाल्यावर काच पूर्वीपेक्षा भयंकर दिसेल. बाथरूमच्या खिडकीसारखी दुधी. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. सगळीकडे सारखी दुधी दिसणं म्हणजेच पहिली पायरी बरोबर झाली.

पुढचे पेपर भराभर होतात, प्रत्येकी चार-पाच मिनिटं. एक युक्ती पाळा: एक पेपर आडवा मारला तर पुढचा उभा मारा. मग आधीचे ओरखडे गेलेत की नाहीत ते लगेच कळतं, कारण ते उलट्या दिशेनं उठून दिसतात. प्रत्येक नंबर बदलताना काच, ठोकळा आणि हात धुवा, पाणीही बदला. ४००चा एक कण १५००च्या पेपरखाली सापडला तर एक लांब ओरखडा ओढून ठेवतो. मशीनवर मऊ पॅड लावून हे काम करता येतं, पण वेग कमी ठेवा आणि एका जागी टेकवून ठेवू नका. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सियसला मऊ पडतं आणि सुक्या पॅडच्या घर्षणानं एखादी जागा त्या बाजूला जायला वेळ लागत नाही. काचेवर तळहात ठेववत नसेल तर थांबा.

कितव्या नंबरवर थांबायचं, हे वरून काय चढवणार त्यावर ठरतं. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या काही काचा ३०००पर्यंत नेऊन, कंपाउंडनं (बारीक ओरखडे घालवायच्या पेस्टनं) आरशासारख्या करून मग त्यावर क्लिअरचा, म्हणजे वार्निशसारख्या पारदर्शक लेपाचा, स्प्रे मारला. वर्षाच्या आत क्लिअर सालीसारखं सोलून निघालं. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला धरायला काही नव्हतंच. क्लिअर फवारायचं असेल तर बहुतेक ठिकाणी ८०० ते १०००वर थांबायचं, नक्की आकडा त्या डब्यावर दिलेला असतो आणि तोच पाळायचा. उरलेले बारीक ओरखडे क्लिअर स्वतः भरून काढतं, पाणी ओतल्यावर झालं होतं तसं. फिल्म चिकटवायची किंवा सिरॅमिक (पातळ, कडक संरक्षक लेप), वॅक्स असं काही लावायचं असेल तर मात्र ३०००पर्यंत जा आणि मग कंपाउंड आणि बारीक पॉलिश अशा दोन पायऱ्या करा, कारण ते पातळ थर ओरखडे भरत नाहीत.

मग लावायचं काय? माझं मत क्रमानं सांगतो.

सर्वांत टिकाऊ म्हणजे हार्डनर मिसळायचं दोन भागांचं क्लिअर, गाडीच्या रंगावर मारतात तसं, अतिनील संरक्षण असलेलं आणि प्लास्टिकवर चालणारं. नीट बसलं तर काही वर्षं बघावं लागत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतं. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. म्हणून घरी फवारू नका. पेपरचं सगळं काम घरी करा आणि काचा काढून पेंटरकडे द्या. त्याच्याकडे रंग फवारायचा बंद बूथ असतो आणि ताज्या हवेचा मास्क असतो. त्याचे दहा मिनिटांचे दोन हात आणि तुमचे दोन तासांचे कष्ट, अशी वाटणी मला सर्वांत पटते. त्याला आधीच सांगा की खाली उघडं पॉलिकार्बोनेट आहे, म्हणजे तो कडक थिनरनं पुसणार नाही.

स्वतःच सगळं करायचं असेल तर हेडलाइटसाठी बनवलेली पारदर्शक फिल्म. काचेचा बाक बेताचा असेल तर ही फार चांगली. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून बसवायची, मधून बाहेरच्या दिशेनं पाणी काढायचं, कडा हलक्या गरम हवेनं दाबायच्या. खराब झाली की सोलून नवी लावता येते आणि खालचं प्लास्टिक शाबूत राहतं. बाक जास्त असेल तर कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात, तिथे हट्ट करू नका.

तिसरा मार्ग किटमधून येणाऱ्या, फडक्यानं लावायच्या क्लिअरचा. लावायला सोपं वाटतं आणि तिथेच फसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काच पुसा, पूर्ण सुकू द्या, मग फडकं भिजवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सरळ हातानं ओढा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवा. मागे वळून राहिलेली जागा परत पुसायची नाही. ते लगेच चिकट धरतं आणि फडक्याचे ओघळ कायमचे उमटतात. जागा राहिलीच तर वाळू द्या, दुसऱ्या हातात ती भरून निघेल. ऊन नको, वारा नको, पाऊस यायची चिन्हं असतील तर काम दुसऱ्या दिवशी करा. काच हाताला कोमटही लागता कामा नये. डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नका, आणि लवकर वाळावं म्हणून हेडलाइट लावून ठेवू नका. आतून तापल्यावर ओल्या थरात बुडबुडे येतात.

नुसतं वॅक्स लावून सोडून दिलं तर काही आठवडे. सिरॅमिक त्याहून टिकतं, पण कारखान्याच्या लेपाची बरोबरी ते करत नाही. वॅक्सच वापरायचं ठरवलं तर महिन्यातून एकदा ते परत लावायची शिस्त हवी. ती ज्यांना जमते त्यांच्या काचा वर्षानुवर्षं चांगल्या राहिलेल्या मी पाहिल्यात.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मोजमाप केलं होतं. खराब झालेले हेडलाइट लो बीमवर (खाली, जवळ पडणाऱ्या झोतावर) नव्याच्या सुमारे २२ टक्केच उजेड देत होते, आणि काच साफ करून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे रात्री रस्ता दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण काच कोरी होत नाही. त्याच मोजमापात समोरच्याच्या डोळ्यांवर येणारी चमक दुरुस्तीनंतरही जास्त आढळली. काचेवर राहिलेला प्रत्येक ओरखडा प्रकाश जिथे नको तिथे फेकतो. म्हणून शेवटच्या पेपरांत कंजूषी करू नका, आणि रात्रीचं लांबचं चालवणं रोजचंच असेल तर नव्या असेंब्लीचा विचार मनापासून करा.

दोन्ही काचा एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं करा. सुरू करण्याआधी अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीमचा फोटो काढा आणि चाकं कुठे होती तिथे जमिनीवर खडूची खूण करा. काम संपल्यावर गाडी त्याच खुणेवर आणा. उजेडाची वरची कड आधी विस्कटलेली होती ती आता धारदार दिसेल. हेडलाइट काढून बसवला असेल तर तो जरा वर-खाली झालेला असतो. जुन्या फोटोतली उंची बघून मागच्या स्क्रूनं तो जागेवर आणा. स्वच्छ काचेचा चुकीच्या उंचीवरचा झोत समोरच्याला धुरकट काचेपेक्षा जास्त त्रास देतो, त्यामुळे शंका वाटली तर गॅरेजमध्ये बीम सेट करून घ्या आणि मगच रात्री गाडी बाहेर काढा.